धरणीमायेचा होकार

नांदणवाडीतल्या हळदीच्या आवारात त्या सोमवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुंडलची माणसं आली होती, आजूबाजूच्या वाड्यांची आली होती, सांगलीच्या पेठेतले दोन जाडजूड व्यापारीसुद्धा टांगा करून आले होते. लिंबाखाली गाड्या सोडलेल्या, बैल कडबा खात उभे. आवाराच्या मधोमध शेणानं सारवलेल्या जागेवर काळं घोंगडं अंथरून धरणीबाबा बसलेले. दाढी पोटापर्यंत, कपाळाला हळदीचा मळवट, पुढ्यात पाण्यानं काठोकाठ भरलेली पितळी परात.

"गप ऱ्हावा समदी!" बाबांनी हात वर केला. "शेषाच्या मस्तकावरली, वराहाच्या दातावरली, सात पाताळांची मालकीण, धरणीमाय! नांदणवाडीच्या नाथाजीची म्हस चोरीला गेलीया. ती उत्तरंला गेली का? व्हय असंल तर कूस बदल, माय!"

आवार चिडीचूप झालं. आणि खालून आवाज आला, धप्प! घोंगडं थरथरलं. परातीतल्या पाण्यावर गोल गोल लाटा उठल्या. पुढच्या ओळीतल्या लोकांना तर बुडाखालची भुई हललेली चांगली कळली.

मग काय विचारता! नाथाजीनं तिथंच लोटांगण घातलं. बायकांनी गालांत मारून घेतलं. उत्तरेला म्हणजे नेमकं कुठं, हे मात्र कुणी विचारलं नाही. अहो, नांदणवाडीच्या उत्तरेला पुणंही आहे आणि हिमालयही आहे. नाथाजीनं म्हैस हुडकत केदारनाथापर्यंत जायचं की काय? पण भुई बोलल्यावर एवढा विचार करतो कोण!

त्या गर्दीत एकटी राहीबाई ताठ उभी होती. ना हात जोडले, ना मान वाकवली. पन्नाशीची उंच बाई, हाडापेरानं मजबूत. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या हंबीरराव हवालदाराची विधवा. तिच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ह्या माणसाचं वाटोळं झालेलं तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

त्याला कारणही तसंच होतं. महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. दिवाळी उलटली आणि एका सकाळी नांदणवाडीत खरोखरच भुई हलली. घराघरांतल्या उतरंडी कोसळल्या, देवळातली घंटा आपोआप वाजली, गोठ्यातली जनावरं दावी तोडून पळाली. धक्का पापणी लवेपर्यंत संपला, माणूस एकही दगावलं नाही. पण गावातल्या भिंतींना भेगा पडल्या. राहीबाईची लेक सुलाबाई गावातच जोतीरामाला दिली होती. तिच्या माजघराची मागची भिंत तर वरपासून खालपर्यंत अशी फाटली की भेगेतून परसातला उजेड दिसायचा.

शाळेतले विष्णुपंत मास्तर घरोघर फिरले. "भेगाळलेल्या घरात झोपू नका. पुन्हा लहान धक्के येतात. तुळयांना लाकडाचे टेकू द्या, छताच्या धाब्यावरची माती उतरवा," असं सांगत घसा कोरडा केला. राहीबाईला हे पटायला वेळ लागला नाही. तिचा नवरा क्वेट्ट्याच्या भूकंपात ढिगारे उपसायला होता. मरेपर्यंत सांगायचा, "राहे, मानसं भुईनं न्हाईत मेली. घरानं मारली. भुई हालली की घर सोडायचं, मागं बघायचं न्हाई." सुलानं बापाचं हेच ऐकलेलं, म्हणून पहिल्या धक्क्याला पोरीला काखेत मारून ती अंगणात पळाली होती. राहीबाईनं मळ्यातनं बाभळीचे चार जाड वासे आणून जोतीरामाच्या दारात टाकले.

आणि अशात हा धरणीबाबा उगवला. कुठून, ते देवालाच ठाऊक. कुणी म्हणे गिरनारहून, कुणी म्हणे कर्नाटकातून. गुंडा नावाचा एक चेला, एक घोंगडं आणि अफाट जीभ एवढीच त्याची मालमत्ता. हळदीचा व्यापारी आवार सोडून सांगलीला गेला होता, तिथं ह्यानं बस्तान मांडलं.

"भितीला टेकू?" बाबा कडाडला. "अरं येड्यांनो, धरणीमायच्या बरगडीत लाकूड खुपसताय व्हय? ती आता कूस बदलणार हाय. भितीला माजा भंडारा लावा, काळा दोरा बांधा आनि तितंच निजा. जो घर सोडंल त्याच्यावर माय कोपंल!"

जोतीराम भित्रा गडी. बाभळीचे वासे गोठ्यात गेले, भिंतीला भंडारा लागला. आणि विष्णुपंतांनी सांगितलेला तो लहान धक्का एका दुपारी आला. सुला आत भाकऱ्या थापत होती. तिनं पोरीला उंबऱ्याबाहेर ढकललं तेवढ्यात भिंत आली, भिंतीमागं धाब्याचा कोपरा आला, आणि सुला मातीखाली गेली.

ती लगेच मेली नव्हती. हे राहीबाई जन्मात विसरणार नव्हती. ढिगाऱ्यातून "आये, आये" असा आवाज येत होता. लोकांनी कुदळी आणल्या, तर बाबा आडवा झाला. "आदी शांत! मायच्या अंगाला लोखंड लावाल तर गाव गिळंल!" कापूर पेटला, मोठमोठ्यानं मंत्र सुरू झाले. राहीबाई मळ्यातून धावत आली, तिनं चार जणांना ढकलून उघड्या हातांनी माती ओढायला घेतली. पण तोवर आवाज थांबला होता.

वर तिसऱ्या दिवशी बाबानं भरल्या गावात सांगितलं, "पयल्या धक्क्याला ती बाई डोईवर पदर न घेता भाईर पळाली. मायनं तिला त्याचीच शिक्षा दिली." म्हणजे पोरीनं जे शहाणपण केलं तेच पाप ठरलं! लेक तर गेलीच, आणि तिच्या नावावर हा कलंक! धक्का बाबानं आधीच सांगितला होता म्हणून गावाची त्याच्यावर आणखीच भक्ती बसली. विष्णुपंतांनी तो त्याच्याही आधी सांगितला होता. पण मास्तरांना दाढी नव्हती ना!

एवढ्यावर भागलं असतं तरी राहीबाईनं कदाचित दात-ओठ खात दिवस काढले असते. पण सुलाची तीन वर्षांची बनू मागं राहिली होती. बाबाचा हुकूम झाला, आईचं पाप फिटायचं तर पोरीनं अमावस्येपर्यंत त्याच घरात, पडवीच्या भिंतीला डोकं लावून निजायचं. ती भिंतही फाटलेली होती, पोट बाहेर काढून उभी होती.

राहीबाई रोज जोतीरामाच्या दारात जायची. "माजी नात मला द्या. मी तिला मळ्यात, छपराखाली निजवते. तितं भितच न्हाई पडायला."

"मामी, नगा असं बोलू," जोतीरामाच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "सुला गेली ती मायच्या कोपानं. आता पोरीला बी घालवू का? बाबांचा शबुद मोडला आनि काय झालं तर?"

"आवं, शबुद मोडला म्हनून न्हाई गेली ती! पाळला म्हनून गेली!"

पण जोतीरामाच्या डोक्यात उजेड पडत नव्हता, आणि बनू रात्रीची त्या भिंतीखाली निजत होती.

तर अशा मनानं राहीबाई त्या सोमवारी आवारात उभी होती. आणि रागानं तिची नजर बारीक झाली होती म्हणा ना. परातीतलं पाणी हललं ते तिनं बघितलं. पण तिच्याच पायाशी नाथाजीच्या म्हातारीनं घागर ठेवली होती, तीही काठोकाठ. तिच्यातलं पाणी आरशासारखं स्वस्थ होतं.

ती तडक शाळेत गेली. विष्णुपंत ओसरीवर पोरांच्या पाट्या तपासत बसले होते.

"मास्तर, भुई हालती म्हंजे काय हुतं?"

मास्तरांनी पाट्या बाजूला ठेवल्या. कोपऱ्यात पोरांनी आणलेला ऊस पडला होता, तो उचलून ते वाकवू लागले. "हे बघा राहीबाई. वाकतोय, वाकतोय, आत ताण साठतोय. अजून वाकवला की..." ऊस कडकन मोडला. "हाताला झटका बसला बघा. जमिनीखाली मैलोगणती खडक आहे, त्याच्यावरही असाच ताण येतो. वर्षानुवर्षं साठतो. मग कुठंतरी खडक तडकतो, भेगेवरून सरकतो, आणि तो झटका विहिरीत दगड टाकल्यावर लाटा पसराव्यात तसा चहूकडे पसरतो. उरलेला खडक हळूहळू सावरतो, त्याचे लहान धक्के नंतर येत राहतात. ह्यात शेष नाही, वराह नाही आणि कुणाचं पापही नाही. धक्का नेमका कधी येणार ते जगात कुणालाही सांगता येत नाही."

"म्हंजे खरा धक्का असंल तर समद्या आवारातलं पानी हालंल?"

"आवारातलं? अहो, समद्या गावातलं हलेल!" मास्तरही बोलता बोलता गावाकडचा शब्द बोलून गेले.

राहीबाईनं घागरीची गोष्ट सांगितली. मास्तर ताडकन उठले. "म्हणजे नुसत्या घोंगड्याखालची जमीन हलते! आवाराखाली तर पेवं आहेत. आत माणूस तर..." आणि स्वतःच खाली बसले. "छे. पेवात माणूस कसा जगेल?"

"न्हाई जगायचा," राहीबाईही म्हणाली.

आता पेव म्हणजे काय ते सांगायला हवं. जमिनीत खणलेला प्रचंड रांजण म्हणा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. त्यात हळद भरायची, तोंड झाकून चिखलानं लिंपायचं. हळद वर्षानुवर्षं टिकते, पण आत विषारी हवा साठते. उघडलं की आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही, उतरला तर त्याला वर काढायला दुसऱ्यानं मरायचं. हे नांदणवाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. म्हणून तर बाबाचं फावलं होतं! परगावचा माणूस म्हणाला असता, खाली कुणीतरी बसलंय. पण ह्या गावाला पेवाची इतकी माहिती होती की ती शंका कुणाच्या मनाला शिवतच नव्हती. मास्तरांच्याही नाही.

कोडं सुटलं ते बिडीच्या वासानं. पुढच्या बैठकीच्या वेळी राहीबाई मुद्दाम आवारात गेली नाही. मागच्या पडक्या गोठ्याकडून फिरली. पुढून धप्प धप्प ऐकू येत होतं. आणि इथं, गोठ्याच्या कोपऱ्यात टाकलेल्या कडब्यातून, धुराची बारीक रेघ वर येत होती. तिनं कडबा बाजूला केला. खाली पेवाचं तोंड, झाकणाचा दगड निम्मा सरकवलेला, आतून बिडीचा भपकारा.

बिडी जळतेय म्हणजे आत हवा आहे. हवा आहे म्हणजे दोन पेवं आतून एक झालीत. धक्क्यानं मधली मातीची भिंत ढासळली असणार. गोठ्यातल्या तोंडातून उतरायचं, भोकातून पलीकडच्या पेवात जायचं आणि बाबाच्या घोंगड्याखालून ठोकायचं. बाबा बैठकीला बसला की गुंडा नदीवर संध्येला जातो, असं सगळ्यांना सांगितलेलं. बरोबर आहे, संध्या चालली होती, बिडी ओढत!

राहीबाईनं कडबा होता तसा लावला. मास्तरांकडे जाऊन एवढंच म्हणाली, "सोमवारी आवारात या. येताना पहार आना."

"काय करायचंय?"

"बाबाला उघडा पाडायचाय. बाकी मी बघते."

तिनं बाकीचं सांगितलं असतं तर मास्तर आले नसते.

सोमवारी गुंडा पेवात उतरलेला बघितल्यावर राहीबाई आणि तिची जाऊ तानुबाई गोठ्यात शिरल्या. दोघींनी मिळून झाकणाचा दगड तोंडावर सरकवला. राहीबाई पाटीतला चिखल फटींत भरू लागली तशी तानुबाईनं तिचा हात धरला.

"आक्का, आत मानूस हाय गं."

"माजी सुला बी मानूसच हुती," राहीबाई म्हणाली, आणि शेवटची फट लिंपून तिनं हात पदराला पुसले.

ती आवारात आली तेव्हा बाबा रंगात आला होता. "शेषाच्या मस्तकावरली, वराहाच्या दातावरली..." त्याचा प्रश्न अजून तोंडातच होता, तेवढ्यात खालून धप्प! धप्प धप्प!

"बघा! न इचारता बोलली!" बाबा खुलला. "लय परसन्न हाय आज!"

धप्प धप्प धप्प धप्प! परातीतलं पाणी उसळून बाबाच्या दाढीवर आलं. त्याचं हसू मावळलं. त्यानं टाच दोनदा हळूच जमिनीवर आपटली, खाली खूण केली असावी. पण धरणीमाय काही ऐकेना.

राहीबाई पुढं झाली. गर्दीनं आपोआप वाट दिली.

"बाबा, आज मायला मी इचारते. माय गं, माजी सुला पापी हुती का? न्हाई ना?"

धप्प धप्प!

"हा बाबा लबाड हाय का?"

धप्प धप्प धप्प!

"सुला मातीत जिती हुती तवा ह्यानंच कुदळी थांबवल्या. म्हंजे हा खुनी हाय का?"

धप्प! धप्प! धप्प! धप्प!

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. नाथाजी मात्र तोंड उघडं टाकून एकदा बाबाकडे, एकदा परातीकडे बघत होता. बाबा ओरडला, "ह्या बाईच्या अंगात हडळ शिरलीया! भाईर काढा हिला!" पण भुईनं ज्याला खुनी म्हटलंय त्याचं ऐकायचं कुणी? एकही माणूस जागचा हलला नाही.

हळूहळू ठोके विरळ झाले. विष्णुपंतांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते राहीबाईच्या कानाशी लागले. "तुम्ही मागचं तोंड बंद केलंत? राहीबाई, जुन्या पेवातली हवा! तो मरेल!"

"ह्याला बोलू द्या," राहीबाई म्हणाली. तिची नजर बाबावरून हलली नाही. "बाबा, खाली कोन हाय ते सांग. सांगितलंस की काढते."

आता जो माणूस असेल तो काय करील? खाली त्याचा सख्खा मेव्हणा होता! पण बाबानं गर्दीकडे बघितलं, सांगलीच्या व्यापाऱ्यांकडे बघितलं, आणि घोंगडं सारखं करून त्यावर पक्की मांडी ठोकली. "माय निजली. समदी घरी जावा."

तेवढ्यात खालून खरवडल्याचा आवाज आला, आणि अगदी बारीक हाक. "दाजी... काडा हो... दाजी..."

बाबा मोठमोठ्यानं मंत्र म्हणू लागला.

क्षणभर राहीबाईला वाटलं, मरू दे. ह्यालाही कळू दे आपलं माणूस मातीखाली हाका मारतं तेव्हा कसं वाटतं. खोटं कशाला बोलू, तिला तसंच वाटलं. पण ह्याला काही कळत नव्हतंच! हा आजही मंत्रच म्हणत होता, हाक बुडवत होता. त्या दिवशीही त्यानं हेच केलं होतं. आणि आज झाकण लिंपलं होतं ते तिच्या हातांनी.

तिनं मास्तरांच्या हातची पहार हिसकावली, बाबाला एका हातानं बाजूला फेकला, घोंगडं ओढलं आणि पहार घातली. सारवणाचा पोपडा उडाला. खाली फळ्या! नाथाजी धावला, मास्तर धावले, फळ्या उपटल्या गेल्या. आत पेवाच्या गळ्याशी बांबूची माच बांधलेली, माचेवर मुसळ, आणि मुसळाशेजारी हळदीच्या भुकटीनं नखशिखांत पिवळा झालेला, डोळे पांढरे केलेला गुंडा! त्याला ओढून वर घातला. उघड्या हवेत तो बराच वेळ नुसता खोकत होता. मग उठला तो सरळ बाबाच्या दाढीला लोंबकळला.

"निजली व्हय रं माय? मला मारीत हुतास? लोकांनो, ह्यो कसला बाबा! ह्यो ओगलेवाडीच्या जत्रंत पत्त्यांचा डाव मांडायचा! एक टाच आपटली तर व्हय, दोन आपटल्या तर गप ऱ्हायचं, अशी खूण हुती आमची!"

विष्णुपंतांनी मुसळ उचलून लोकांना दाखवलं. "ही तुमची धरणीमाय! हिनं फळ्या ठोकल्या की घोंगडं हलायचं, परात हलायची. चार हातांवरची घागर हलत नव्हती, कारण खरी जमीन हललीच नव्हती. आणि दुसऱ्या धक्क्याचं भाकीत? मोठ्या धक्क्यामागून लहान येतात, ते मीही सांगितलं होतं. ह्यानं ते उचललं आणि त्याला शेपूट लावलं."

मग काय, आवार खवळलं. काल पाया पडणारेच आज काठ्या शोधू लागले. नाथाजीनं तर पायातलं पायताण काढलं. बाबा अंग चोरून परातीमागं लपला.

"हात लावायचा न्हाई कुनी!" राहीबाई कडाडली. "ह्याचा हिशेब माजा हाय. उचला ह्याला आनि माज्या लेकीच्या घरी चला."

सगळं गाव जोतीरामाच्या दारात लोटलं. बनू पडवीत चिंध्यांची बाहुली घेऊन बसली होती. मागं ती फुगलेली भिंत, भिंतीला पिवळा भंडारा, भेगेवर काळा दोरा. जोतीराम गोंधळून दारात उभा. राहीबाईनं आधी नातीला उचलून तानुबाईकडे दिलं. मग पोरीची वाकळ भिंतीला लागून नीट अंथरली.

"बाबा, तुमचाच भंडारा हाय. तुमचाच दोरा हाय. माजी तीन वर्साची नात हितं रोज निजती. आजची रात तुमी निजा. सकाळी उठून आलासा तर मी सवता तुमचं पाय धुईन."

बाबा मागं सरकू लागला. नाथाजीनं त्याला दंडाला धरून पुढं रेटलं. वाकळीवर टेकवलं मात्र, भिंतीतून मातीचा एक खडा टपकन त्याच्या खांद्यावर पडला.

"सोडा! सोडा मला!" तो किंचाळला. "मारताय काय? पडंल की ती! डोळं फुटलं का तुमचं? फाटलीया ती भित, पडंल की!"

जोतीराम हळूहळू पुढं आला.

"पडंल? तुमाला म्हाईत हुतं?" तो म्हणाला. "तुमाला म्हाईत हुतं, आनि माजी पोर हितं निजवली? सुलाला बी निजवली?"

जोतीरामानं बाबाच्या कानशिलात अशी एक वाजवली की तो अंगणात जाऊन पडला. ह्या खेपेला राहीबाई "हात लावू नका" म्हणाली नाही.

पाटलानं बाबा आणि गुंडा दोघांना गाडीत घालून पोलिसांच्या ताब्यात दिलं. गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत राहीबाई बघत उभी होती. तानुबाईनं विचारलं, "झालं का गं मन शांत?"

"कशाचं शांत? माजी सुला आली का?" राहीबाई म्हणाली. मग तिनं पदर कमरेला खोचला. "चल. ती भित पाडायचीय."

दुसऱ्या दिवशी सबंध गाव कामाला लागलं. विष्णुपंत दाखवत होते, राहीबाई राबवून घेत होती. पडवीची भिंत दोर लावून पाडली. धाब्यावर चढून बघतात तर काय! गळती थांबावी म्हणून दरवर्षी नव्या मातीचा थर टाकायचा, जुना काढायचा नाही, ही आपल्याकडची रीत. आजोबाच्या काळापासूनची माती डोक्यावर साठलेली, गुडघाभर! बिचारी भिंत हललेली भुई सोसेल की हे ओझं? ती माती पाट्या भरभरून खाली आली. तुळयांखाली बाभळीचे वासे उभे राहिले, म्हणजे भिंत गेली तरी छप्पर अंगावर येऊ नये. नव्या भिंतीत अधूनमधून आरपार जाणारे लांब दगड बसवले, कोपरे लाकडी पट्ट्यांनी एकमेकांत बांधले. निजायच्या जागेवरच्या फळीवरून पितळेचे जड हंडे खाली उतरले. बनू त्या दिवसापासून आजीच्या मळ्यात, छपराखाली निजू लागली. जोतीराम स्वतः तिला सोडायला यायचा.

मंडळी, हे लिहितानासुद्धा माझ्या हाताची मूठ वळते. भुई हलणं तुमच्या-माझ्या हातात नाही आणि कुठल्या बाबाच्या तर मुळीच नाही. उद्याही हलेल. पण भिंत आपण बांधतो, छपरावर माती आपण टाकतो, आणि भेग पडल्यावर टेकू द्यायचा की दोरा बांधायचा हे आपणच ठरवतो. भुई हलली की लाज, पदर, मुहूर्त काही बघू नका. पोरंबाळं घ्या आणि मोकळ्या जागेत पळा, भिंतीपासून लांब. पळता आलं नाही तर भक्कम बाजेखाली शिरा, डोकं झाका. धक्का थांबल्यावर घर धड असलं तरच चूल विझवायला आत जा, भेगाळलेल्या घरात पाऊल टाकू नका, आणि मातीखालून हाक आली तर आधी कुदळ घ्या. कापूर नंतर लावा.

आणि हे सगळं सोडून भंडारा लावून निजा असं सांगणारा कुणी दारात आला, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याची वाकळ त्या भिंतीखाली अंथरा आणि म्हणा, आधी तुमी निजा.